धुळ्याची प्रत

श्रावण, नागपंचमीनंतरचा पहिला रविवार, दुपारी एक. जळगावचं आमचं घर. हजर: सासरे, म्हणजे आबा, वय ब्याऐंशी. माझा नवरा. वरच्या मजल्यावरचे दीर आणि जाऊ. आबांचे चुलतभाऊ, अमळनेरचे काका. धुळ्याच्या अक्का, म्हणजे माझी थोरली नणंद. आणि मी. गैरहजर: आमची लेक, नोकरीसाठी पुण्याला. बसलेली: कानबाई, आमची खानदेशची देवी, पूर्वेच्या भिंतीशी, चौरंगावर, नथ घालून. चालू: टीव्ही.

ही हजेरी मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवली. घरात काही बिनसलं की तेव्हा कोण होतं आणि कोण नव्हतं यावर पुढे निराळा वाद होतो, असा माझा अनुभव आहे. मी केळी पाठवणाऱ्या एका ऑफिसात वीस वर्षं गाड्यांच्या याद्या करते. रावेरहून माल निघाला की कोणत्या गाडीत किती पेट्या, कोणत्या बागेच्या, ताडपत्री बांधली की नाही, हे माझ्याकडे. यादीत नसलेली पेटी गाडीत चढत नाही. ही सवय ऑफिसातच ठेवून घरी यावं असं नवऱ्याचं मत आहे. स्वतःचा चष्मा कुठे आहे हे मात्र तो मलाच विचारतो.

गेल्या दिवाळीत मी मोजणी केली. घरातले फोटो आणि व्हिडिओ दहा ठिकाणी होते. सहा फोन, दोन पेन ड्राइव्ह, कोणत्याच यंत्रात न जाणारी दिरांच्या लग्नाची सीडी आणि आबांची पत्र्याची पेटी. अकरावं ठिकाण म्हणजे अक्कांचं डोकं. ते तेव्हा माझ्या यादीत नव्हतं, नंतर घालावं लागलं.

ऑफिसनं काढून टाकलेला एक संगणक मी अर्ज देऊन मागून घेतला. त्यात दोन नव्या हार्ड डिस्क बसवल्या. एकीवर जे जाईल ते दुसरीवर आपोआप उतरतं, म्हणजे एक बिघडली तरी दुसरी असते. तो राउटरला जोडला आणि घरच्यांना सांगितलं की आजपासून हा आपला सर्व्हर. आबांना सर्व्हर कळेना, म्हणून मी म्हटलं, घरातल्या सगळ्यांचं मिळून एक कपाट आहे. ते भिंतीत नाही, या डब्यात आहे, आणि ज्याच्या-त्याच्या फोनवरून आणि टीव्हीवरून उघडतं. आबांनी एकच विचारलं, कुलूप आहे का. आहे म्हटल्यावर त्यांना ते पसंत पडलं.

जागेवरून दोन महिने गेले. जळगावच्या मे महिन्यात माणूस कूलरसमोर बसून राहतो, पण कूलरची हवा ओली आणि ओली हवा यंत्राला वर्ज्य. बैठकीत ऊन, माडीवर पत्रा, जिन्याखाली उंदीर. घरात थंड आणि कोरडी अशी एकच खोली आहे, धान्याची कोठी. म्हणून सर्व्हर गव्हाच्या दोन टाक्यांच्या मध्ये बसला. पहिल्या महिन्याच्या सफाईत त्याच्या पंख्यातून चमचाभर पीठ निघालं. मग मी त्याला वरच्या फळीवर चढवला, इन्व्हर्टरची वेगळी वायर ओढली, प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधली आणि दाराला तक्ता लावला: सकाळचं तापमान, दुपारचं तापमान, सही. दुपारची नोंद जाऊबाईंकडे दिली, कारण दुपारी त्याच घरी असतात. त्या नोंद करतात, पण रोज ऑफिसात फोन करून मला विचारतात, “तुमच्या बाळाचा ताप आज अडतीस डिग्री शे. डॉक्टर बोलवू का?”

सगळ्यांनी आपापलं सामान आणून ओतलं. नवऱ्याच्या फोनातून भरीत पार्ट्यांचे एक्केचाळीस व्हिडिओ निघाले. प्रत्येकात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जात आहेत आणि बाहेरून कोणीतरी म्हणतं आहे, उलट आता. मी त्यातले तीन ठेवून बाकीचे काढावेत असं सुचवलं. त्यानं तीन दिवस जेवताना माझ्याशी बोलणं बंद केलं. एक्केचाळीस ठेवले. आता दर हिवाळ्यात ते वाढणार आहेत.

सर्व्हरचा एक नियम सगळे जाणकार सांगतात: वस्तूच्या तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी हवी. घराला आग लागली, पाणी शिरलं, चोरी झाली, तर गावाबाहेरची प्रत वाचते. नवरा म्हणाला, आग लागली तर तू आधी डबा काढशील की मला? त्याची दुसरी प्रत नसल्यानं आधी त्यालाच काढीन, असं मी सांगितलं. हे उत्तर त्याला पुरेसं वाटलं नाही.

दुसरं गाव म्हणजे धुळं. अक्का तिथे असतात. शाळेतून निवृत्त झाल्या, यजमान सहा वर्षांपूर्वी गेले, मुलगा परदेशात. घर स्वच्छ, कपाटं रिकामी आणि अक्का माझ्यापेक्षा टापटिपीच्या. तिसरी डिस्क त्यांच्याकडे ठेवायची ठरली. दर तीन महिन्यांनी मी एसटीनं धुळ्याला जायचं, ताजी डिस्क द्यायची आणि जुनी परत आणायची. पहिल्या खेपेला अक्कांनी ती स्टीलच्या डब्यात घातली, डब्याला फडकं बांधलं आणि तो तिळाच्या डब्याशेजारी ठेवून दिला. मग हात पुसत त्यांनी विचारलं, यातलं मला कसं दिसणार?

डिस्कला कुलूप आहे, ते पासवर्डशिवाय उघडत नाही, हे मी सांगितलं. आणि फोनवरून बघायचं तर सर्व्हरवर स्वतःचं खातं लागतं, तेही सांगितलं. मग माझं खातं काढ, त्या म्हणाल्या. आबांना विचारते, मी म्हणाले. ती माझी चूक. विचारलंच नसतं तर काही झालं नसतं. पण यादी करणाऱ्या माणसाला यादी मंजूर करून घ्यायची खोड असते.

इथे रोटाबद्दल सांगायला हवं. कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीसाठी, आमच्या घराण्यात माणशी सव्वा मूठ गहू काढतात. मूठ घरातल्या थोरल्या पुरुषाची, म्हणजे आबांची. ते कोठीत पाटावर बसतात, घरातल्या एकेकाचं नाव घेतात आणि मूठ सुपात टाकतात. त्या गव्हाचा रोट भाऊबंदांनीच खायचा. बाहेर द्यायचा नाही, उरवायचा नाही. लग्न होऊन गेलेल्या मुलीची मूठ तिच्या सासरी. ती माहेरी आली तर पुरणपोळी खाईल, खीर खाईल, रोट खाणार नाही.

मी खात्यांची यादी घेऊन आबांपुढे बसले. त्यांनी डोळे मिटले आणि मूठ काढताना घेतात त्याच क्रमानं नावं सांगितली. घरचे सहा आणि अमळनेरचे काका, एकूण सात. मी विचारलं, अक्का? आबा म्हणाले, तिची मूठ धुळ्याला.

मला तो नियम आवडला, हे कबूल केलं पाहिजे. सोपा होता, वाद नव्हता, आकडा पक्का होता. मी सात खाती काढली, त्यांचा वेगळा तक्ता केला आणि त्यावर सात सह्या घेतल्या. धुळ्याला फोन करून अक्कांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, हसल्या.

“वहिनी, धुळ्याला माझी मूठ कोण काढतं गं? सासूबाई गेल्या, हे गेले, तिथली कानबाई बंद पडून सहा वर्षं झाली. म्हणजे धान्य माझ्या कोठीत, चावी तुमच्या कमरेला आणि मोजणीत मी कुठेच नाही.”

मी म्हणाले, पाहुण्यांसाठी वेगळं खातं निघतं, त्यात फक्त बघता येतं, तेवढं काढून देते. त्या म्हणाल्या, पाहुणी नको. त्यानंतर त्यांनी गुडघ्याबद्दल सांगितलं आणि फोन ठेवला. डिस्क मात्र त्यांनी परत पाठवली नाही. पुढच्या खेपेला गेले तर डबा, फडकं, तीळ सगळं जागच्या जागी होतं. अक्कांनी जबाबदारी नाकारली नव्हती, तिच्याबद्दल बोलणं बंद केलं होतं.

ते जाणवलं ते आबांच्या पत्र्याच्या पेटीमुळे. पेटीतले जुने फोटो मी स्कॅन करून सर्व्हरवर चढवले. चारशे बारा फोटो आणि एकाच्याही मागे नाव नाही. आधी मी आठ-दहा फोटो फोनवर धुळ्याला पाठवत असे आणि संध्याकाळपर्यंत उत्तर येई: ही चाळीसगावची मावशी, हे तिचे दीर, मागे उभी आहे ती कोणी नाही, फोटोत घुसली आहे. असं काम उत्तम चाललं होतं, चाळीस फोटोंना नावं लागली होती. खात्याचं झाल्यावर मी पुढचे दहा पाठवले. उत्तर आलं, “ज्यांची खाती आहेत, त्यांना विचार.”

मग मी आबांना टीव्हीसमोर बसवलं. आबा उत्साहानं कामाला लागले. हाऊ मना मामा शे, म्हणजे हा माझा मामा. ही मनी आत्या. हाऊ पण मामा. एका आठवड्यात अनोळखी फोटो तीनशे बहात्तरांवरून एकावर आले. जे गेले त्यांच्या नावाआधी कै. लावायचं, असा त्यांचा आग्रह होता, तोही मी पाळला. आबांना इतके मामा कसे, ही शंका मला यायला हवी होती. केळीच्या गाडीत कोणाच्या तोंडच्या आकड्यावर मी कधी विसंबले नाही, पेटी उघडून बघते. इथे रकाना भरला याच आनंदात मी सही केली.

आता तो रविवार. आरती झाली, रोट झाले, पंगत बसली. अक्का सकाळच्या बसनं धुळ्याहून आल्या होत्या. कानबाईला ओटी भरून त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाट घेऊन बसल्या. पानात पुरणपोळी, खीर, लाल भोपळ्याची भाजी, रोट नाही. त्यांनी मागितला नाही, कोणी वाढला नाही, वर्षानुवर्षं असंच चालत आलं आहे. मी टीव्हीवर जुन्या माणसांच्या फोल्डरमधले पंचवीस फोटो लावले. फोटो एकामागून एक आपोआप सरकायचे, खाली नाव यायचं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. दीर म्हणाले, थेटरच केलं वहिनीनं.

सातव्या फोटोत मोठ्या कॉलरचा एक तरुण सायकलला टेकून उभा होता. खाली अक्षरं आली: कै. मधले मामा, चाळीसगाव. अमळनेरच्या काकांनी तोंडातला घास गिळला, टीव्हीकडे बोट केलं आणि अगदी शांतपणे म्हणाले, “हाऊ तं मी शे.”

आबा म्हणाले, नाही, मामा. काका म्हणाले, सायकल माझी आहे, कॉलर माझी आहे आणि मी इथे बसून रोट खातो आहे. आबांनी फोटोकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि मामाही असेच दिसायचे असं सांगितलं. काकांनी विचारलं, मग मी कधी गेलो ते तरी लिहिलं आहे का? तेवढी नोंद नव्हती. दिरांना ठसका लागला. फोटो थांबवायचं बटण मला सापडेना, कारण रिमोट आबांच्या मांडीखाली होता. पुढचा फोटो आला. कै. धाकटी आत्या. काका म्हणाले, ही आत्या नव्हे, ही आपल्या जुन्या घराशेजारची कासारीण, बांगड्या भरायला आली होती. त्याच्या पुढचा मामा हा मामा नसून तेलाच्या कारखान्यातला मुकादम होता. काकांना एवढंच ठाऊक होतं, पुढच्यांची नावं त्यांनाही येईनात. सगळ्यांच्या माना उंबऱ्याकडे वळल्या.

अक्का पोळीवर तूप घेत होत्या. म्हणाल्या, “मला काय विचारता? पाहुण्या बाईनं घरच्यांना घरचीच माणसं ओळखून द्यायची का?”

फोटो आपले सरकत राहिले. शेवटून दुसरा फोटो नऊ-दहा वर्षांच्या एका मुलीचा होता. परकर-पोलकं, तेल लावून घट्ट बांधलेल्या दोन वेण्या आणि कडेवर स्वतःच्या निम्म्या उंचीचं एक जाडजूड बाळ. मुलगी कॅमेऱ्याकडे बघत नव्हती, बाळ घसरू नये म्हणून एक खांदा वर करून उभी होती. चारशे बारांतला तोच एक फोटो आबांना सांगता आला नव्हता. खाली मी लिहिलं होतं: अनोळखी मुलगी, बाळासह.

अक्कांनी वाचलं. तूप खाली ठेवलं.

“ही मी. कडेवर तुझा नवरा आहे, वहिनी. खाली ठेवला की भोकाड पसरायचा.”

नवरा म्हणाला, मी एवढा जाड होतो? जाऊबाई म्हणाल्या, होतो नाही, आहे म्हणा. त्यावर सगळे हसले आणि ते हसले हे बरं झालं, कारण आबा हसले नाहीत. त्यांनी मांडीखालून रिमोट काढून माझ्या हातात दिला आणि पानातला उरलेला रोट संपवला. तो टाकायचा नसतो. मग ते उठून हात धुवायला गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मी टीव्ही बंद केला. दुपारी अक्का नेहमीसारख्या जाऊबाईंबरोबर भांडी पुसत होत्या आणि काका सोफ्यावर आडवे होऊन येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण जिवंत असल्याचं सांगत होते.

सोमवारी सकाळी कानबाईचं विसर्जन झालं आणि अक्का तिकडूनच बस स्टँडला गेल्या. मी कोठीत सकाळचं तापमान लिहीत होते. आबा आत आले, टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभे राहिले आणि सर्व्हरच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत म्हणाले, “तिले दे. बठ्ठं तिलेच माहीत शे.”

सगळं तिलाच माहीत आहे, हे मला पटलेलंच होतं. मी विचारलं, खातं पाहुणीचं की घरचं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं विचारलं नाही. दहा मिनिटांत आठवं खातं काढलं. बघणं, नाव घालणं, बदलणं, सगळं खुलं. तक्त्यावर आठवी ओळ आखली आणि संध्याकाळी धुळ्याला फोन लावला. मला वाटलं होतं काम संपलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. आबा स्वतः म्हणाले का, असं विचारलं. हो म्हटलं. शब्द काय होते ते विचारलं, मी शब्दशः सांगितले. मागे त्यांच्या घरातला कुकर शिट्टी देत होता.

“मग पासवर्ड आबांनाच सांगू दे,” त्या म्हणाल्या. “नाव त्यांनी वगळलं होतं, घेतीलही तेच. तुझ्याकडून मी घेणार नाही. तुझा राग नाही माझा.”

मी आबांना सांगितलं. त्यांनी मान हलवली, सांगतो म्हणाले. मी पासवर्ड मोठ्या अक्षरात एका कार्डावर लिहिला, कसा वाचायचा ते समजावलं, एकदा वाचूनही घेतला. कार्ड त्यांच्या बंडीच्या खिशात आहे. बंडी धुवायला पडली की मी ते काढते आणि धुतलेल्या बंडीत परत घालते. एकदा राहिलं, दुसरं लिहिलं.

आबा फोन करतात, नाही असं नाही. पूर्वी महिन्यातून एकदा करायचे, आता दर दोन-तीन दिवसांनी करतात. कार्ड काढून समोर ठेवतात, चष्मा लावतात, नंबर मला लावायला सांगतात. मग विचारतात, पाऊस आहे का. धुळ्याला असला तर किती, नसला तर का नाही. गुडघा कसा आहे. पोराचा फोन आला होता का. भाजी काय केली. अक्का सगळ्याची सविस्तर उत्तरं देतात आणि मधेच थांबतात, त्यांना बोलायला जागा ठेवतात. त्या जागेत आबा खाकरतात. मग म्हणतात, बरं, ठेव, बिल वाढतं. बिल वाढत नाही, महिन्याचं एकदाच भरलेलं असतं. हे मी सांगितलं आहे.

मी एकदा मधे पडायचा प्रयत्न केला. आबा खाकरत असताना स्पीकर लावला आणि कार्डावर बोट ठेवलं. आबांनी बोट बाजूला केलं. नवरा म्हणाला, तू यात पडू नकोस, ही तुझी गाडी नाही. पहिल्यांदाच त्याचं ऐकलं.

सध्याची स्थिती अशी. अमळनेरच्या काकांच्या नावाआधीचे कै. काढले, त्यांना फोटो पाठवला, पोच आली. कासारीण आणि मुकादम दुरुस्त केले. बाकीचे तीनशे अडुसष्ट फोटो पुन्हा अनोळखीत घातले आहेत, कारण आता कोणत्याच मामावर माझा भरवसा राहिला नाही. परकर-पोलक्यातल्या मुलीखालची ओळ मी बदलली. आबा दुपारी तो फोटो टीव्हीवर लावायला सांगतात आणि कूलरसमोर बसून बघतात. डिस्क बदलायला पुढच्या शनिवारी धुळ्याला जायचं आहे. आबांना बरोबर येता का विचारलं. बघू म्हणाले.

तक्त्यावर आठव्या ओळीत नाव आहे, सहीचा रकाना कोरा आहे. आज सकाळी साडेनऊला फोन झाला. पाऊस, गुडघा, गवारीची भाजी. पासवर्ड सांगायचा राहिला.